भिंत पाहावी, मग यंत्र घ्यावे

खेड्यातल्या घराला पूर्वी एखादी बिजागरी बसवावयाची झाली की सुताराच्या घरी निरोप जाई. तो आपल्या सवडीने येई, चौकटीवर खूण करी, सामत्याची दोरी पुढेमागे ओढून भोक पाडी, आणि सुगीच्या दिवसांत त्याचे बलुते त्याच्या घरी पोचते होई. ती व्यवस्था मोडून आता बराच काळ लोटला. आजचा चांगला सुतार शहरात मोठ्या कामांवर असतो, आणि पडद्याची एक दांडी किंवा दाराची एक कडी बसविण्यासाठी त्याने दिवस मोडावा असे म्हणणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. म्हणून ही लहानसहान कामे आता घरच्याच माणसांवर येऊन पडली आहेत, आणि त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारे, तारेविना वापरता येणारे ड्रिल आणि स्क्रू-ड्रायव्हर बाजारात मुबलक आले आहेत. त्यांतून आपल्या कामाचे यंत्र कसे निवडावे, हा आजचा विषय.

सौंसर किंवा पांढुर्णा येथील लोखंडी सामानाच्या दुकानात जाऊन उभे राहिले की पहिली अडचण भाषेची येते. कोणी बरमा म्हणतो, कोणी गिरमिट, कोणी पेचकस, तर कोणी नुसते 'मशीन'. सीमेवरच्या मुलखात मराठी आणि हिंदी शब्द एकाच फळीवर नांदतात, त्याला इलाज नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ती म्हणजे खोक्यावरचे आकडे. बारा, अठरा, वीस, एकवीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठ्याऐंशी! मोठा आकडा तो मोठा पराक्रम, असा आपला सहज समज होतो आणि घरातल्या चार स्क्रूंसाठी आपण गवंड्याला शोभेल असे अवजड यंत्र विकत घेतो. नाहीतर उलट स्वस्ताईला भुलून खेळण्यासारखे यंत्र आणतो आणि ते पहिल्याच भिंतीशी हात टेकते. दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम घरीच करावे. आपली भिंत पाहावी.

जामसांवली आणि तिच्या आसपासच्या गावांचेच उदाहरण घेऊ. निद्रिस्त हनुमंताच्या देवळामुळे हे गाव नागपूर-छिंदवाड्याच्या लोकांना ठाऊक आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून सौंसर तालुक्याबरोबर ते त्या जिल्ह्यात आले. अशा भागातल्या एकाच गावात, पुष्कळदा एकाच वाड्यात, चार प्रकारची घरे भेटतात. मागची जुनी खोली मातीच्या भिंतीची, पुढची भाजक्या विटांची, वरचा स्लॅब आणि त्याखालचे बीम काँक्रीटचे, आणि दाराच्या चौकटी सागवानाच्या, कारण सातपुड्याचे सागवान या मुलखाला परके नाही. या चारही जागी भोक पाडणे म्हणजे चार निरनिराळी कामे आहेत. बोरगावच्या कारखान्यांत नोकरी करणारी आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे घ्या. त्यांना तर भिंतीला हात लावण्यापूर्वी घरमालकाची अनुमतीही घ्यावी लागते. त्यांचे बरेचसे काम पलंग, टेबल आणि कपाटे खोलण्या-जोडण्याचे असते. त्यांना भोक पाडणारे यंत्र लागतच नाही, स्क्रू फिरविणारे पुरते.

भिंत ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. कोपऱ्यात, डोळ्यांना न दिसेल अशा जागी, लहानसे भोक पाडून बाहेर येणारी भुकटी पाहावी. गिलाव्याचा पहिला थर सिमेंटचा असल्याने आरंभी ती राखाडीच असते. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजकी वीट. मऊ, तपकिरी माती आली तर मातीची भिंत. राखाडीच येत राहिली तर काँक्रीट किंवा राखेची वीट. या दोहोंतला भेद हाताला कळतो. राखेची वीट टोकाला सहज वाट देते, काँक्रीट मात्र मुळीच दाद देत नाही.

आता या यंत्राचा थोडा इतिहास पाहू, कारण त्यातही आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी आर्नॉट आणि ब्रेन या दोघांनी घेतले. हाती धरून नेता येईल असे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत फाइन बंधूंनी केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा घोडा ही आज सर्वत्र दिसणारी घडण अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कारखान्याची. तिचे पेटंट १९१७ चे आहे. याच कारखान्याने १९६१ साली तारेविना चालणारे ड्रिल बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमच्या घटांची बॅटरी होती आणि शक्ती बेताचीच होती. हलक्या वजनात पुष्कळ वीज साठविणारी लिथियमची बॅटरी २००५ च्या सुमारास या हत्यारांत आली आणि तेव्हापासून तारेविना चालणारे यंत्र खऱ्या अर्थाने घराघरांत शिरले. ज्या संशोधनातून ही बॅटरी निर्माण झाली, त्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उपयोगाची म्हटली ती गोष्ट पुढेच आहे. १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर बॅटरीवर चालणारे ड्रिल घेऊन चंद्रावर उतरले. जमिनीतील उष्णता मोजण्यासाठी सुमारे ३ मीटर खोल भोके पाडण्याची योजना होती. परंतु चंद्राची माती अपेक्षेहून घट्ट निघाली, भोक पाडणाऱ्या नळीवरचे मळसूत्र खालची भुकटी नीट वर काढू शकले नाही, आणि ठरलेल्या खोलीच्या निम्म्याच्या आसपासच ती थांबली. पुढच्या मोहिमांसाठी त्या नळीची रचना बदलण्यात आली आणि काम साधले. घरच्या भिंतीचा न्याय याहून निराळा नाही. जमीन कशी आहे आणि टोक कसे आहे, हे यंत्राच्या ताकदीइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच महत्त्वाचे असते.

आता ते आकडे उलगडून पाहू. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना आकड्यांवर विश्वास ठेवावयास शिकवितो. परंतु आकडा कशाचा आहे हे विचारल्यावाचून तो मान्य करू नये, हेही शिकविले पाहिजे. लिथियमचा एक घट सर्वसाधारणपणे ३.६ व्होल्टचा धरतात. पूर्ण भारलेला असताना तो ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. तीन घट एकापुढे एक जोडले की १०.८ व्होल्ट होतात. त्यालाच बाजारात १२ व्होल्ट म्हणतात. पाच घटांचे १८ व्होल्ट होतात. तीच बॅटरी कोणी २० व्होल्टची म्हणून विकतो, आणि पूर्ण भारलेल्या घटांचा हिशेब धरून कोणी २१ व्होल्टची म्हणून. १८, २० आणि २१ ही बहुधा एकाच वस्तूची तीन नावे आहेत. त्याहून फार मोठा आकडा लहानशा बॅटरीवर छापलेला दिसला, तर आत घट किती आहेत हे दुकानदाराला विचारावे. पाचाच्या वर उत्तर आले नाही, तर तो आकडा केवळ शोभेचा समजावा.

दुसरा आकडा अँपिअर-तासांचा. तो बॅटरीत वीज किती साठते ते सांगतो. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की खरा साठा कळतो. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. १०.८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे २१.६ वॅट-तास. घरकामाला २ अँपिअर-तास पुरेसे होतात. त्याहून मोठी बॅटरी घेतली की मनगटावर भार तेवढा वाढतो.

तिसरा आकडा न्यूटन-मीटरचा, आणि खरे पाहता ग्राहकाने हाच प्रथम पाहावा. पिळण्याची ताकद तो सांगतो. एक न्यूटन म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम वजनाचा भार. तो एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला टांगला असता जो पीळ पडेल तो एक न्यूटन-मीटर. लहान स्क्रू-ड्रायव्हरची ताकद ३ ते ५, १२ व्होल्टच्या ड्रिलची २० ते ३५, आणि १८ व्होल्टच्या ड्रिलची ४० ते ६० किंवा अधिक न्यूटन-मीटर असते. हाताने घट्ट पिळलेला स्क्रू साधारण ३-४ न्यूटन-मीटरचा असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे घरातल्या किती कामांना मोठ्या यंत्राची गरज नाही हे आपोआप उमजेल.

यंत्रांचे प्रकार पाच आहेत. पहिला, ३.६ व्होल्टचा बॅटरीचा स्क्रू-ड्रायव्हर. वजनाला हलका, हातात मावणारा. स्विचबोर्डाचे झाकण, खेळणी, कपाटाच्या बिजागऱ्या, जोडणीचे फर्निचर यांना तो पुरतो. भोक पाडावयाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. दुसरा प्रकार ड्रिल-ड्रायव्हरचा. त्याच्या तोंडाशी तीन दातांची पकड असते, तिला चक म्हणतात. ती १० किंवा १३ मिलिमीटरपर्यंतचे टोक धरते. मागे एक फिरते कडे असून त्यावर आकडे असतात. ठराविक पीळ बसला की यंत्र कट्कट् वाजून सुटते आणि स्क्रूचे डोके किंवा लाकूड खराब होत नाही. भोक पाडताना हे कडे ड्रिलच्या चित्रावर आणावे लागते. लाकूड, पत्रा आणि स्क्रू या तिन्ही कामांना हे यंत्र उत्तम.

तिसरा प्रकार हॅमर ड्रिल. हे फिरता फिरता पुढच्या दिशेने बारीक ठोके देते. विटांच्या भिंतीला हेच हवे. चौथा प्रकार इम्पॅक्ट ड्रायव्हर. हा ठोके देतो ते पिळण्याच्या दिशेने, म्हणून लांब स्क्रू आणि अडलेले बोल्ट यांना तो नामी आहे, परंतु विटेच्या भिंतीत भोक पाडणे हे त्याचे काम नव्हे. येथे नावाचा एक घोटाळा आहे. आपल्याकडे तारेच्या हॅमर ड्रिललाच 'इम्पॅक्ट ड्रिल' म्हणण्याचा प्रघात आहे. 'ड्रिल' आणि 'ड्रायव्हर' या एका शब्दाच्या फरकाने नको ते यंत्र घरी येऊ शकते. पाचवा प्रकार रोटरी हॅमर. त्याच्या आत दट्ट्या असतो आणि त्याचा ठोका खोल बसतो. काँक्रीटच्या बीमला तोच लागतो. परंतु वर्षातून एखाद्या भोकासाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही. मिस्त्रीला बोलवावे किंवा दिवसापुरता मागून आणावा.

आता कोणी काय घ्यावे? ज्यांच्या घरी केवळ फर्निचर आणि कडी-कोयंड्यांची कामे आहेत, त्यांना १२ व्होल्टचा साधा ड्रिल-ड्रायव्हर पुरे. ज्यांच्या घराच्या भिंती विटांच्या आहेत आणि पडदे, आरसे, फळ्या टांगावयाच्या आहेत, त्यांनी हॅमरची सोय असलेले १२ किंवा १८ व्होल्टचे यंत्र पाहावे. आणि ज्यांना वर्षातून दोनचारदाच भिंतीत भोके पाडावयाची असतात, त्यांना मी निःसंकोचपणे सांगेन की तारेचे ५००-६०० वॅटचे, १३ मिलिमीटर चकचे इम्पॅक्ट ड्रिल घ्या. ते त्याच ताकदीच्या बॅटरीच्या यंत्राहून स्वस्त पडते, आणि दोन वर्षे कपाटात पडून राहिले तरी बॅटरी निकामी झाल्याची तक्रार उद्भवत नाही. बॅटरीच्या यंत्राची खरी थोरवी तार न लागण्यात आहे. वीज गेली असता, गच्चीवर, गोठ्यात, संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत, किंवा शिडीवर उभे राहून काम करताना ती कळते.

यंत्रापेक्षाही टोकांकडे अधिक लक्ष द्यावे, हे मघाच्या चंद्रावरील गोष्टीवरून आपल्या ध्यानात आलेच असेल. भिंतीसाठी टंगस्टन कार्बाइडचे रुंद टोक, लोखंडासाठी पोलादी पीळदार टोक, लाकडासाठी मधोमध अणकुची असलेले टोक. ही तीन वेगळी ठेवावीत. भिंतीचे टोक लाकडाला वापरले तर लाकूड फाटते, आणि लोखंडाचे टोक विटेला लावले तर क्षणात बोथट होते. स्क्रूच्या डोक्याला चपखल बसणारा बिटही तितकाच महत्त्वाचा. चौफुलीच्या डोक्यांत २ क्रमांकाचा बिट बहुतेक घरगुती स्क्रूंना लागतो. तो झिजला की स्क्रूचे डोके खाऊ लागतो, तेव्हा कंजूषपणा न करता बदलावा.

सागवानात स्क्रू सरळ घुसवू नये. ८ क्रमांकाच्या, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूसाठी आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि स्क्रूला किंचित साबण किंवा मेण लावावे. चौकट फुटत नाही आणि बॅटरीही वाचते. विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग बसवावा लागतो. आपल्या दुकानांत त्याला गिट्टी म्हणतात. या नायलॉनच्या प्लगची आजची घडण जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी १९५८ साली केली. भोक प्लगच्याच जाडीचे असावे आणि त्याची खोली प्लगहून थोडी अधिक. टोकावर त्या मापाने चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. भोक पाडल्यावर आतली भुकटी काढून टाकावी, नाहीतर प्लग घट्ट बसत नाही आणि काही महिन्यांनी आरसा खाली येतो. आरशाखाली पाळणा किंवा अंथरूण असले तर त्याचे परिणाम काय होतील, ते सांगावयास नको. मातीच्या भिंतीला प्लग धरतच नाही. तेथे यंत्र बाजूला ठेवून जुनी लाकडी खुंटी खोल रोवावी, किंवा वजन सरळ लाकडी तुळईवर टांगावे. ज्या भिंतीला यंत्राची गरजच नाही, तेथे ते न चालविणे हेही शहाणपणच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. भिंतीत लपविलेल्या विजेच्या तारा बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत गेलेल्या असतात. त्या पट्ट्यांत भोक पाडू नये. संशय असल्यास मुख्य स्विच बंद करावा. येथे बॅटरीच्या यंत्राचा एक मोठा लाभ आहे. घरातली वीज बंद असतानाही ते चालते. न्हाणीघराच्या भिंतीत नळाची वाटही अशीच लक्षात घ्यावी. फरशीच्या टाइलवर आरंभी ठोका देऊ नये. चिकटपट्टी लावून, हळूहळू टाइल पार झाल्यावरच हॅमर सुरू करावा. डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरते टोक कापड ओढून घेते. त्याच कारणाने स्त्रियांनी पदर खोचावा, मोकळे केस बांधावेत. पुरुषांनीही गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवावा. टोक बदलताना बॅटरी यंत्रातून काढून ठेवावी.

बॅटरीचा शत्रू उष्णता होय. आपल्या या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बहुतेक कारखानदार ४० अंशांवर बॅटरी भारू नये असे सांगतात. म्हणून उन्हाळ्यात ती सकाळी किंवा रात्री भारावी, पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नये. पुष्कळ दिवस वापर नसेल तर अर्धी भारून थंड जागी ठेवावी. बॅटरी फुगली किंवा फार तापू लागली तर तिचा मोह सोडावा. ती केरात किंवा शेकोटीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती विक्रेत्याकडे नेऊन द्यावी.

विकत घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. हीच बॅटरी दोन-तीन वर्षांनी वेगळी मिळेल काय? दुरुस्ती जवळपास, निदान नागपूर किंवा छिंदवाड्यास, होते काय? आणि पिळण्याची ताकद न्यूटन-मीटरमध्ये किती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कोठेच नसेल, तर ते यंत्र तेथेच ठेवावे. शेवटी ते हातात धरून पाहावे. ज्या गृहिणीला किंवा वडीलधाऱ्या माणसाला ते वापरावयाचे आहे, त्यांच्या हाताला ते पेलले पाहिजे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आळीतल्या चार घरांनी मिळून एक चांगले यंत्र आणि टोकांचा एक संच घेतला, तर प्रत्येकाचा खर्च चौथा हिस्सा होतो आणि यंत्रही पडून राहत नाही. मोठे आणि जोखमीचे काम आले की मात्र सुताराला मानाने बोलवावे आणि त्याचे योग्य मोल द्यावे. लहान काम आपल्या हाताने नीट झाले, की मोठ्या कामातले त्याचे कौशल्य आपल्याला अधिक चांगले पारखता येते.